कालवाला लस देता येत नाही : टास्मानियातील पॉम्स साथीचा प्रकरण अभ्यास

२०१६ चा जानेवारी संपत आला होता. दक्षिण गोलार्धातला भर उन्हाळा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया या बेटराज्याच्या आग्नेय किनाऱ्यावर, होबार्टजवळच्या पिट वॉटर खाडीत पाळलेली कालवं टोपल्यांमध्ये तोंड उघडी टाकून पडू लागली. जिवंत कालव पाण्याबाहेर आलं की शिंपल्याची दोन्ही झाकणं घट्ट मिटून घेतं. मिटवणाऱ्या त्या स्नायूत जोर उरला नाही, तर कालव मेलेलं तरी असतं किंवा मरायला टेकलेलं. पाठोपाठ पाइप क्ले लगून, ब्लॅकमन बे, लिटल स्वानपोर्ट अशा एकेका जागी तेच घडत गेलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रयोगशाळेचा निकाल आला : पॅसिफिक ऑयस्टर मॉर्टॅलिटी सिंड्रोम. उत्पादकांच्या तोंडी त्याचं आखूड नाव आहे, पॉम्स. कारण ओएसएचव्ही-१ नावाचा, हर्पिस गणातला विषाणू आणि त्यातही त्याचा मायक्रोव्हेरिएंट हा प्रकार. माणसाला त्याचा काहीही अपाय नाही. पॅसिफिक कालवाच्या बीजात, म्हणजे शेतात वाढवायला घातलेल्या पिल्लांत, मात्र तो शिरला, की आठवडाभरात टोपलीच्या टोपली रिकामी करू शकतो.

अभ्यासासाठी मी हे प्रकरण निवडलं ते मृत्यूंच्या आकड्यासाठी नाही. त्याहून मोठे आकडे दुसरीकडे नोंदले गेले आहेत. प्रतिपिंडं तयार न करणारा प्राणी रोगाशी कसा लढतो आणि ती लढाई माणूस कुठवर बळकट करू शकतो, हे इथे फार स्पष्ट दिसतं. शिवाय टास्मानियाच्या उत्पादकांनी रोग दारात येण्याच्या पाच वर्षं आधीच तयारी सुरू केली होती. मत्स्यशेतीच्या इतिहासात असं क्वचितच घडलं आहे.

रोग कुठून कुठे आला

पॅसिफिक कालव मूळचं जपान आणि ईशान्य आशियाच्या किनाऱ्यांचं. भराभर वाढणारं आणि काटक, म्हणून ते जगभर नेलं गेलं. टास्मानियात ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणलं गेलं आणि ज्या जागांत सोडलं गेलं त्यांत पिट वॉटरही होतं. फ्रान्सने १९७० च्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर आणलं, कारण तिथल्या पोर्तुगीज कालवांचा एका विषाणूने जवळजवळ नायनाट केला होता आणि चपट्या युरोपीय कालवांच्या मागे परजीवी लागले होते. एक जात रोगाने गेली की दुसरी आणायची, हा त्या काळचा रिवाज होता.

कालवांमध्ये हर्पिससारखा विषाणू असतो हे १९७२ मध्येच अमेरिकेतून नोंदलं गेलं होतं. १९९० च्या दशकात फ्रान्स आणि न्यूझीलंडच्या हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे कालवबीज तयार करणाऱ्या केंद्रांत, त्याने कालवांच्या अळ्या मारल्या. पण तो खरा भयानक ठरला २००८ च्या उन्हाळ्यात. फ्रान्सच्या किनाऱ्यावर लहान कालवांचे ४० ते १०० टक्क्यांपर्यंत मृत्यू झाले आणि विषाणूच्या जनुकसंचात एक तुकडा गळालेला नवा प्रकार सापडला. त्यालाच मायक्रोव्हेरिएंट म्हणतात. पुढच्या दोन वर्षांत तो आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंड इथे दिसला आणि २०१० च्या नोव्हेंबरात सिडनीजवळच्या जॉर्जेस नदीत. जानेवारी २०१३ मध्ये हॉक्सबरी नदीत तो पोहोचला, तेव्हा अवघ्या काही दिवसांत एक कोटीहून अधिक कालवं मेली.

या दोन नद्यांची कहाणी मला फार अस्वस्थ करते. तिथे पूर्वी सिडनी रॉक ऑयस्टर ही देशी जात वाढवली जात असे. क्यूएक्स नावाच्या परजीवी रोगाने जॉर्जेस नदीतली ती शेती १९९४ मध्ये आणि हॉक्सबरीतली २००४ मध्ये मोडून काढली. क्यूएक्स पॅसिफिक कालवाला मारत नाही, म्हणून उत्पादक पॅसिफिक कालवाकडे वळले. मग पॅसिफिक कालवालाच मारणारा पॉम्स आला, ज्याचा सिडनी रॉकला त्रास होत नाही. त्याच कुटुंबांनी, त्याच पाण्यात, दोनदा सगळं गमावलं. जात बदलून रोग चुकवता येतो या समजुतीचा याहून कडू पुरावा मला माहीत नाही.

टास्मानियात साथ २०१६ मध्येच का पेटली? विषाणू नेमका कोणत्या वाटेने आला यावर मी इथे काही म्हणणार नाही. पण पाण्याची अवस्था नोंदलेली आहे. सप्टेंबर २०१५ ते मे २०१६ या काळात टास्मान समुद्रात २५१ दिवस सागरी उष्णतेची लाट होती आणि एका टप्प्यावर पाणी नेहमीपेक्षा २.९ अंशांनी जास्त तापलं होतं. या विषाणूला ऊब लागते. फ्रान्समध्ये पाणी १६ अंश सेल्सियसच्या वर गेलं की मृत्यू सुरू होतात. ऑस्ट्रेलियात हा उंबरठा त्याहून थोडा वर दिसतो. एरवी थंड असणारं टास्मानियाचं पाणी हे तिथल्या उत्पादकांचं नैसर्गिक कुंपण होतं. त्या उन्हाळ्यात ते कुंपण उरलं नाही.

हानी एका बेटापुरती राहिली नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया या शेजारच्या राज्यातल्या शेतांना लागणारं बहुतांश कालवबीज टास्मानियाच्या हॅचऱ्यांमधून जात असे आणि मोठ्या हॅचऱ्या बाधित आग्नेय भागातच होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाने टास्मानियाच्या बीजाला तात्काळ बंदी केली. ती बंदी योग्यच होती. पण तिचा अर्थ असा, की ज्या शेतांत एकही कालव आजारी नव्हतं तिथेही पुढच्या हंगामात टोपल्यांत घालायला बीज उरलं नाही. कालव विक्रीला तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. आज बीज नाही, तर दोन वर्षांनी माल नाही आणि मधल्या काळात मजुरांना काम नाही.

शिंपल्याच्या आत काय घडतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय कालवाच्या शरीररचनेतून निघाले आहेत.

कालव पाणी गाळून खातं. त्याच्या कल्ल्यांमधून तासाला काही लिटर पाणी जातं. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू आणि त्याच्या दहापट विषाणू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, पण सगळे कालवाच्या अंगावरून आणि अंगातून जाणारे. रोगजंतूंपासून दूर राहणं हा पर्याय या प्राण्याला नाहीच. तो जगतो ते जंतूंच्या गर्दीत सतत पहारा देत.

हा पहारा हिमोसाइट नावाच्या पेशी देतात. कालवाचं रक्ताभिसरण उघडं असतं : हृदय आहे, रक्तवाहिन्याही आहेत, पण रक्त शेवटी ऊतींमधल्या पोकळ्यांत मोकळं पसरतं आणि तिथून परत फिरतं. त्या द्रवाबरोबर हिमोसाइट सगळीकडे फिरतात, ऊतींमध्ये शिरतात, परका जंतू दिसला तर त्याला गिळून आत जिरवतात. जोडीला रासायनिक शस्त्रं आहेत : जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम, डिफेन्सिनसारखे छोटे जंतुनाशक पेप्टाइड, जंतूला चिकटून त्याला ओळखू देणारी प्रथिनं.

जे नाही, ते याहून महत्त्वाचं. प्रतिपिंडं नाहीत. एकदा भेटलेल्या जंतूचा नेमका चेहरा लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्याच्यावर बेतलेलं हत्यार काढणाऱ्या लसिका पेशी नाहीत. माणसाच्या किंवा माशाच्या लसीचं सगळं तंत्र याच पेशींवर उभं आहे. म्हणून कालवाला त्या अर्थाने लस देता येत नाही.

याचा अर्थ कालवाची संरक्षणव्यवस्था मागास आहे असा घेऊ नये. २०१२ मध्ये पॅसिफिक कालवाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे २८,००० जनुकं सापडली. पेशीला ताणातून सावरणाऱ्या एचएसपी-७० प्रथिनांची जनुकं माणसात सतराच्या आसपास आहेत, कालवात ८८ निघाली. पेशीला स्वतःला संपवण्यापासून रोखणाऱ्या आयएपी गटाची माणसात ८, कालवात ४८. जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांची कुळंही अशीच फोफावलेली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, कधी पाण्यात तर कधी उन्हात, जंतूंच्या सान्निध्यात तग धरणाऱ्या प्राण्याने ओळखायच्या आणि तगून राहायच्या साधनांचा मोठा साठा जन्मतःच बाळगला आहे. आठवणीवर विसंबायचं नसेल तर भाता आधीच भरलेला हवा.

मग हा भाता ओएसएचव्ही-१ पुढे रिकामा का पडतो? याचं सगळ्यात समाधानकारक उत्तर फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दिलं. त्यांनी रोगाला बळी पडणारी आणि टिकणारी अशी कालवांची वेगवेगळी कुटुंबं एकाच वेळी संसर्गाला सामोरी ठेवली आणि दर काही तासांनी आत काय चाललंय ते पाहिलं. बळी पडणाऱ्या कुटुंबांत विषाणू हिमोसाइटमध्येच शिरला. म्हणजे चोराने आधी पहारेकऱ्यालाच धरलं. हिमोसाइटकडून होणारं जंतुनाशक पेप्टाइडचं उत्पादन घटलं. त्यानंतर कालवाच्या अंगात आणि आसपास नेहमीच असणारे जिवाणू, त्यात व्हिब्रिओ हे समुद्री जिवाणूही आले, बेसुमार वाढले आणि त्या जिवाणूंच्या लोंढ्यात कालव मेलं. प्रयोगात जिवाणूंना प्रतिजैविकांनी रोखल्यावर मृत्यू घटले. मृत्यूचं पहिलं पाऊल विषाणूचं आणि शेवटचं जिवाणूंचं.

टिकणाऱ्या कुटुंबांत फरक होता तो वेळेचा. त्यांच्या पेशींनी विषाणूविरोधी जनुकं पहिल्या काही तासांतच चालू केली आणि विषाणूची संख्या वाढूच दिली नाही. बळी पडणाऱ्यांनीही ती जनुकं चालू केली होती, पण उशिरा, विषाणू फोफावल्यावर. हत्यारं दोघांकडे होती. म्हणजे प्रतिकार ही कालवाला बाहेरून देण्याची वस्तू नाही. तो त्याच्या पेशींच्या चपळाईत आहे आणि ही चपळाई आईबापांकडून येते.

आणखी एक दालन फ्रान्सच्याच संशोधनातून उघडलं. पॉली आय-सी नावाचा कृत्रिम दुहेरी आरएनए कालवाला टोचला, की त्याचं शरीर विषाणू आल्यासारखं जागं होतं आणि पुढे खरा विषाणू आला तरी कालव वाचतं. हा परिणाम किमान पाच महिने टिकल्याचं दाखवलं गेलं आहे. प्रतिपिंडांशिवायही एक प्रकारची राखीव सावधता कालवात शक्य आहे, हे मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. पण कोट्यवधी बीजांना एकेक करून सुई टोचणं अशक्य आणि आंघोळीसारखं पाण्यातून देता येईल असं व्यवहारात उतरलेलं औषध नाही. खुल्या खाडीत प्रतिजैविकं ओतण्याचा तर विचारही करू नये. भरती-ओहोटी ती दिवसातून दोनदा सगळीकडे नेईल, मरतील निरुपद्रवी जिवाणू आणि उरतील ते औषधाला न जुमानणारे. चारा द्यावा लागत नाही, पाणी उलट स्वच्छ होतं, म्हणून कालवशेतीला शाश्वत म्हणतात. तिला औषधांवर जगवायचं, तर ते नाव काढून घ्यावं लागेल.

वाचलेल्यांची भावंडं

टास्मानियात १९९७ पासून सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या मदतीने कालवांची कुटुंबनिहाय निवड चालू होती. तेव्हा लक्ष्य होतं वाढीचा वेग आणि शिंपल्याचा आकार. पुढे हे काम ऑस्ट्रेलियन सीफूड इंडस्ट्रीज या उत्पादकांच्याच कंपनीकडे आलं. २०१० मध्ये जॉर्जेस नदीत पॉम्स दिसताच या कंपनीने ठरवलं, की आता लक्ष्यांमध्ये पॉम्सचा प्रतिकारही घ्यायचा. टास्मानियात तेव्हा एकही कालव या रोगाने मेलं नव्हतं. आपल्या पाण्यात नसलेल्या रोगासाठी वर्षानुवर्षं पैसा घालायला उत्पादकांना राजी करणं सोपं नसतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

कुटुंबनिहाय निवड म्हणजे काय, ते नीट पाहू. एक नर आणि एक मादी निवडून त्यांची अंडी-शुक्राणू स्वतंत्र टाकीत फलित करायची. कालवाची एक मादी एका वेळी कोट्यवधी अंडी सोडते, म्हणून एका जोडीपासून हवी तेवढी पिल्लं मिळतात. अळ्या दिसायला सगळ्या सारख्याच, त्यामुळे प्रत्येक कुटुंब वेगळ्या टाकीत, मग वेगळ्या पिशवीत, खुणेसह वाढवायचं. अशी अनेक कुटुंबं दरवर्षी. मग ती रोगाच्या पाण्यात ठेवायची आणि कोणत्या कुटुंबातली किती टिकतात ते मोजायचं.

अडचण अशी, की रोगाचं पाणी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात आणि प्रजननकेंद्र टास्मानियात. जॉर्जेस नदीत ठेवलेली कालवं त्या अग्निपरीक्षेतून वाचली तरी परत आणता येत नव्हती. वाचलेलं कालव निरोगी दिसतं, पण विषाणू अंगात बाळगून असू शकतं. सर्वोत्तम कालव हातात आहे आणि त्याच्यापासून पिल्लं घ्यायची सोय नाही, असा हा पेच.

उत्तर भावंडांत होतं. प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. एक भाग जॉर्जेस नदीत रोगाच्या तोंडी दिला, दुसरा टास्मानियाच्या स्वच्छ पाण्यात सुरक्षित ठेवला. नदीत ज्या कुटुंबाची सर्वाधिक कालवं टिकली, त्याच कुटुंबातल्या टास्मानियात राहिलेल्या सख्ख्या भावंडांना पुढच्या पिढीचे आईबाप केलं. त्या आईबापांनी विषाणू कधी पाहिलेला नव्हता. त्यांच्याबद्दल जे कळलं ते त्यांच्या नदीतल्या भावंडांमुळे. पशुपैदाशीत ही युक्ती जुनी आहे, दुधाळपणा वळूच्या बहिणी-मुलींवरून जोखतात तशी, पण रोगमुक्त बेटावर बसून परप्रांतीच्या रोगाविरुद्ध ती वापरली गेली हे विशेष.

हे फळेल याची चिन्हं आधीपासून होती. फ्रान्समध्ये उन्हाळी मृत्यूंचा अभ्यास करताना, मायक्रोव्हेरिएंट येण्याआधीच, काही कुटुंबं टिकतात आणि काही मरतात आणि हा गुण पुढच्या पिढीत जातो, हे दिसलं होतं. नंतर त्या टिकाऊ वंशांची परीक्षा ओएसएचव्ही-१ पुढे झाली आणि पिढीगणिक जगण्याचं प्रमाण चढत गेलं. प्रतिकार एखाद्या एकाच जनुकावर अवलंबून नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा मिळून तो बनतो. याची एक बाजू कष्टाची, कारण प्रगती एका उडीत होत नाही. दुसरी बाजू दिलासा देणारी : एका जनुकावर टेकलेला प्रतिकार विषाणूच्या एका बदलाने कोसळू शकतो, अनेक जनुकांवर पसरलेला तितक्या सहज कोसळत नाही.

कार्यक्रमाने स्वतःपुढे ठेवलेलं लक्ष्य होतं, २०१८ पर्यंत वर्षभराच्या कालवांत ७० टक्के प्रतिकार. साथ आली २०१६ मध्ये, म्हणजे लक्ष्याच्या दोन वर्षं आधी. पण हाती काहीच नव्हतं असं नाही. निवडलेली कुटुंबं तयार होती, कोणती किती टिकतात याच्या नोंदी होत्या आणि हॅचऱ्यांना नव्या बीजासाठी कोणते प्रजनक वापरायचे हे सांगता येत होतं. शून्यापासून सुरुवात असती, तर पहिल्या उपयोगी पिढीलाच आणखी काही वर्षं गेली असती. आता परीक्षेसाठी जॉर्जेस नदीपर्यंत जाण्याचीही गरज उरली नाही. परीक्षा घरच्या खाडीतच, दर उन्हाळ्यात होऊ लागली.

बीज अंगठ्याच्या नखाएवढं असतानाच विषाणू भेटला, तर चांगल्या कुटुंबातलंही बरंच मरतं. तेच कुटुंब वर्षभराचं झाल्यावर छान टिकतं. वय आणि आकार वाढला की कालव मुळातच कमी बळी पडतं. त्यामुळे ‘प्रतिकारक बीज’ हे शब्द ऐकून उत्पादकाने भर उन्हाळ्यात बारीक बीज पाण्यात सोडलं, तर त्याची निराशा ठरलेली. निवडीने मिळालेला प्रतिकार वय आणि ऋतू यांच्यासोबतच वाचावा लागतो.

शेतावर काय बदललं

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी जॉर्जेस आणि हॉक्सबरी नद्यांत काम करून काही गोष्टी आधीच दाखवल्या होत्या. मोठ्या कालवांच्या टोपल्या नेहमीपेक्षा सुमारे ३०० मिलिमीटर उंच टांगल्या, म्हणजे ती रोज जास्त वेळ पाण्याबाहेर राहतील, तर मृत्यू लक्षणीय कमी होतात. बारीक बीजाला याचा तसा उपयोग होत नाही. हॅचरीसाठीचा शोध त्याहून मोलाचा होता : समुद्राचं पाणी ४८ तास साठवून ठेवलं किंवा ५ मायक्रॉनपर्यंत गाळलं, तर त्यातून संसर्ग होत नाही. विषाणू ५ मायक्रॉनपेक्षा कितीतरी लहान असतो, तरी गाळणीने काम भागतं. यावरून तो पाण्यातल्या मोठ्या कणांना चिकटून फिरत असावा असा तर्क निघतो. दोन दिवस साठवण्याचा नियमही त्याच्या आयुष्याशी जुळतो, कारण यजमानाशिवाय २० अंशांच्या समुद्रपाण्यात तो दोनेक दिवसच संसर्गक्षम राहिल्याचं आढळलं आहे. मेलेल्या कालवाच्या मांसात मात्र आठवडाभरही टिकतो. म्हणून मेलेली कालवं टोपलीत राहू न देणं हा स्वच्छतेपलीकडचा, रोगनियंत्रणाचा भाग ठरतो.

बाधित भागातल्या बीजउत्पादनाला या पाण्याच्या नियमांनी आधार दिला. शेतांवर कामाचं वेळापत्रक बदललं. नोव्हेंबर ते मार्च हा धोक्याचा काळ धरून त्या दिवसांत कालवांची प्रतवारी, हलवाहलव, धुणं-घासणं शक्य तेवढं टाळलं जाऊ लागलं, कारण हाताळणीच्या ताणानंतर मृत्यू वाढतात. टोपलीतली दाटी कमी केली गेली. बीज उन्हाळा सरल्यावर पाण्यात घालायचं, म्हणजे पुढचा उन्हाळा येईतो ते अंग धरतं. खाड्यांची धोक्याप्रमाणे वर्गवारी झाली आणि जास्त धोक्याच्या खाडीतून कमी धोक्याच्या खाडीत जिवंत कालवं नेण्यावर निर्बंध आले. उत्तरेकडचा किनारा रोगमुक्त राहिला.

२०१७-१८ च्या उन्हाळ्यात टास्मान समुद्र पुन्हा विक्रमी तापला. विषाणू खाड्यांत होताच. तरीही बाधित शेतांवरचे मृत्यू २०१६ च्या मानाने खूप खाली राहिले. यातलं किती श्रेय निवडलेल्या बीजाला आणि किती बदललेल्या हाताळणीला, हे शेतावरच्या आकड्यांतून वेगळं काढणं कठीण आहे आणि तसा अट्टहास मला योग्यही वाटत नाही. उत्पादकांनी दोन्ही एकदमच स्वीकारलं होतं. मात्र दुसऱ्या गोष्टी सारख्या असताना न निवडलेलं बीज आणि निवडलेल्या कुटुंबांचं बीज शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसणारा फरक वाद घालण्यापलीकडचा आहे.

जे अजून सुटलेलं नाही

प्रतिकारक कालव म्हणजे विषाणूमुक्त कालव नव्हे. ते टिकतं, पण विषाणू त्याच्यात आणि त्याच्या आसपास राहू शकतो. त्यामुळे चांगलं बीज आलं म्हणून वाहतुकीचे नियम सैल करणं घातक ठरेल. ‘आमची कालवं आता मरत नाहीत’ हे बाधित खाडीत खरं असलं, तरी शेजारच्या स्वच्छ खाडीला त्यातून सुरक्षितता मिळत नाही. उलट न मरणाऱ्या कालवासोबत विषाणू गाजावाजा न होता प्रवास करू शकतो.

दुसरी चिंता एकाच शत्रूवर खिळलेल्या नजरेची. फ्रान्समध्ये २०१२ च्या सुमारापासून मोठ्या, विक्रीला आलेल्या कालवांना व्हिब्रिओ इस्च्युएरियानस हा जिवाणू मारू लागला. तिथल्या अभ्यासांत हर्पिसला टिकणारी कुटुंबं या जिवाणूलाही टिकतात असं आढळलं नाही. दोन्ही गुण एकमेकांपासून स्वतंत्रच वारशाने येतात. हिमोसाइट विषाणूच्या हाती न गेल्यामुळे पॉम्समधले शेवटचे जिवाणू आवरले जातात, पण व्हिब्रिओ स्वतःच पहिला हल्लेखोर असेल तर खेळ वेगळा असतो. म्हणून निवडीच्या मोजपट्टीवर एकाच रोगाचे गुण ठेवून चालत नाही. वाढ, मांसाचा भर, शिंपल्याचा आकार, इतर रोग, हे सगळं सोबत तोलावं लागतं.

आणि कुटुंबांची संख्या. एका जोडीपासून कोट्यवधी पिल्लं मिळतात, हेच निवडीचं बळ आणि हाच तिचा धोका. दोन-चार सर्वोत्तम कुटुंबांपासून सगळ्या देशाचं बीज काढायचा मोह होतो. तसं केलं तर काही पिढ्यांत सगळी कालवं एकमेकांची जवळची नातेवाईक होतील, वाढ खुंटेल आणि पुढच्या अनोळखी रोगाला लागणारी एखादी दुर्मीळ जनुकजोड आधीच हरवलेली असेल. मधल्या क्रमांकाची कुटुंबंही राखून ठेवणं खर्चिक आहे, त्यांचा तात्काळ उपयोग दिसत नाही. तरीही ती राखली पाहिजेत, या मतावर मी ठाम आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ च्या बंदीनंतर आपल्याच किनाऱ्यावरच्या कालवांपासून कुटुंबनिवड सुरू करण्यात आली, कारण टास्मानियाचे प्रजनक आणता येत नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲडलेडजवळच्या पोर्ट नदीतल्या रानटी पॅसिफिक कालवांमध्ये हाच विषाणू सापडला. राज्याची कालवशेती होते त्या खाड्या तिथून दूर, आणि तोवर तिथे रोग नव्हता. नदीतून बोटी, दोर, कालव काही बाहेर जाऊ नये म्हणून निर्बंध लागले. टास्मानियाला जॉर्जेस नदीपासून पाच वर्षांचा अवधी मिळाला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला किती येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं, पण त्यांच्या टाक्यांमध्ये खुणा लावलेली कुटुंबं तेव्हा वाढत होती.